अध्यक्षीय भाषणाची तयारी

३ सप्टेंबर, सोमवार
संघटनेच्या सेक्रेटरींचा फोन. आमची वैद्यकीय शिक्षकांची संघटना. मी एकवीस वर्षं सभासद, आजवर एकाही समितीवर घेतलेलं नाही. म्हणाले, सर, यंदाच्या परिषदेत अध्यक्ष म्हणून तुमचं नाव ठरलंय, त्या… पुढचं ऐकायची गरज नव्हती. लगेच होकार दिला. आभाराचे दोन शब्द बोललो. नऊ मिनिटं. शेवटी कदर झाली म्हणायची.
हिला सांगितलं. ही म्हणाली, अहो, कशाचे अध्यक्ष ते नीट विचारून घेतलंत का? ही स्वतः शाळेची मुख्याध्यापिका आहे, पण संघटनेच्या कामातलं तिला काही कळत नाही.

५ सप्टेंबर
संकल्प. भाषण पन्नास मिनिटांचं, वर एक मिनिट नाही. वजन चार किलो कमी. विषय: 'ऐकून घेणारा डॉक्टर'. हल्लीचे डॉक्टर पेशंटचं ऐकूनच घेत नाहीत. या विषयावर मी तासन्‌तास बोलू शकतो.

११ सप्टेंबर
विभागात चहाच्या वेळी सहज विषय काढला. आमच्या लेक्चररने मान डोलावली. तो नेहमीच डोलावतो, म्हणून मी मनातल्या मनात त्याला मानडोलाव्या म्हणतो. तेवढ्यात पीजीची मुलगी परिषदेत मांडायच्या संशोधनाच्या पोस्टरवर सही मागायला आली. गाईड मीच. परवानगी मागितल्यासारखं बोलते. विषय सांगायला लागली, तोवर मी सही करूनही टाकली. विद्यार्थ्यांवर विश्वास टाकावा लागतो.

१६ सप्टेंबर, रविवार
लेकीचा फोन. बाहेरगावी मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणाली, बाबा, मला जरा बोलायचंय. म्हटलं, बोल की, पण आधी माझी बातमी ऐक. भाषणाचा पूर्वार्ध वाचून दाखवला. म्हणाली, छान आहे. आवाज भरून आला होता. भाषण पोचतंय.
ही म्हणाली, तिला काय सांगायचं होतं? म्हटलं, परीक्षेचं टेन्शन, दुसरं काय असणार.

२२ सप्टेंबर
नवा सूट आला. वजन दीड किलो वाढलं. सूट घालून केलं होतं.

२८ सप्टेंबर, शुक्रवार. परिषद. सकाळी ९.४०
दारातल्या बॅनरवर अध्यक्ष म्हणून भलत्याच गृहस्थांचा फोटो. छपाईतला घोळ. कुणालाच काही बोललो नाही. स्टेजवर जाऊन मधल्या खुर्चीत बसलो. एका स्वयंसेविकेने अत्यंत नम्रपणे खाली आणलं.

१०.१५
सेक्रेटरी भेटले. म्हणाले, सर, तुमचं पोस्टर-सत्र. त्याचे अध्यक्ष. तळमजला, जिन्याखाली, जेवणाच्या काउंटरला लागून. मी फोनवर तेच सांगत होतो हो, पण तुम्ही बोलत होतात.
काम असं: पाच मिनिटं झाली की घंटी वाजवायची. घंटी पितळी आहे. दर्जा उत्तम.

दुपारी ३
तयारी वाया जाऊ नये म्हणून सत्राच्या सुरुवातीला भाषण थोडक्यात केलं. बत्तीस मिनिटं. श्रोते नऊ, नऊही जण स्वतःच्या पोस्टरपाशी उभे. मग वेळ कमी उरल्याने प्रत्येकाला दोन मिनिटांवर घंटी दिली.
शेवटी माझी पीजी. पोस्टरचा विषय: विद्यार्थी बोलत असताना शिक्षक किती वेळाने तोडतात? आमच्याच विभागात, तीन महिने, स्टॉपवॉच लावून. चार शिक्षक. सरासरी एकवीस सेकंद. शिक्षक क्रमांक दोन: चार सेकंद.
मानडोलाव्याबद्दल फार वाईट वाटलं. तिचं वाक्य तोडून बजावलं, कुणाचं नाव घेऊ नकोस. म्हणाली, नाही घेणार, सर. तिने घड्याळाकडे का पाहिलं कळलं नाही.
पोस्टरला पहिलं बक्षीस. गाईड म्हणून फोटोत मीही आहे.

संध्याकाळी ६
मानडोलाव्याला बाजूला घेऊन समजुतीच्या सुरात चार गोष्टी सांगितल्या. तो म्हणाला, सर, मी क्रमांक चार. अडतीस सेकंद. मग दोन कोण, असं विचारलं. त्याने बुटांकडे पाहिलं. मान हललीच नाही.

२९ सप्टेंबर
हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, चार? बाहेर बरंच ऐकून घेता म्हणायचं.
मग म्हणाली, बसा. लेकीने मेडिकल सोडलंय. सहा आठवडे झाले. फर्निचर बनवायच्या कोर्सला जाते. तुम्हाला सांगायला तीनदा फोन केला तिने.
छातीत काहीतरी झालं. विभागात जाऊन ईसीजी काढला. नॉर्मल.

३० सप्टेंबर, रविवार, सकाळी १०
संकल्प. लेकीला फोन करायचा आणि मध्ये एक अक्षर बोलायचं नाही. घड्याळ समोर ठेवलं.
म्हटलं, बोल बेटा. सुरू झाली. रंधा मारताना हात कसा धरायचा. पहिलं स्टूल केलं, एक पाय आखूड झाला. त्या पायाबद्दल मला सुचवायचं होतं. सुचवलं नाही. वीस सेकंद. चाळीस. मिनिट झालं. मग म्हणाली, बाबा, तिकडे होस्टेलवर मला रोज रडू यायचं. कुणाला सांगू कळायचं नाही.
बोलायचं ठरवलं असतं तरी जमलं नसतं.
म्हणाली, बाबा? ऐकतोयस ना? संकल्प मोडला नाही. हॅलो, हॅलो, करत राहिली. मग तिनेच फोन ठेवला.
लगेच उलटा लावला. एंगेज. आतल्या खोलीतून हिचा आवाज आला, अगं नाही, मुद्दाम गप्प नाही राहिले ते, रेंज गेली असेल.
चाळीस मिनिटं बोलत होत्या. मी दाराबाहेर उभा राहून ऐकलं.