मशीनवाल्या बाईंची चूक

३ फेब्रुवारी, सकाळी ९.१० (अजून घरीच)
आजपासून रोजनिशी. कोणी वाचणार नाही, तेव्हा खरं लिहायचं. संकल्प: रोज साडेआठला लॅब. चहा दोनच. नमुने तपासणाऱ्या मशीनवाल्या बाईंसमोर नमतं घ्यायचं नाही.

माझं काम थोडक्यात. रेणूंचा एक पोकळ पिंजरा. त्यात दुसरा छोटा रेणू जाऊन बसतो, तो पाहुणा. वर निळा प्रकाश टाकला की सोबतचं रंगद्रव्य तो पकडतं आणि पाहुण्याचं रूपांतर होतं. मोकळा असता तर दोन पदार्थांची सरमिसळ झाली असती, पण आत जागा तंग, म्हणून एकच. माझ्या बाटल्यांत हवा तोच पदार्थ शंभरात एक्याण्णव. हे यश पिंजऱ्याचं, म्हणजे माझं.

६ फेब्रुवारी
मशीनमधून आलेल्या प्रिंट प्रयोगवहीत चिकटवल्या. बाई समासात पेन्सिलीने काहीबाही खरडतात, वीस वर्षांची सवय. मी समास कात्रीने कापून मगच प्रिंट वहीत लावतो. माझे मार्गदर्शक सर एकदा म्हणाले होते, वही देखणी आहे. पट्ट्या टाकत नाही, खुणेला बऱ्या पडतात. एक या रोजनिशीतही आहे.
चहा ४.

११ फेब्रुवारी, दुपारी
बाईंनी बोलावलं. लिहूनही कळेना म्हणून बोलावलं, असं म्हणाल्या. (काय लिहिलं होतं ते विचारायचं राहिलं.) त्यांचं म्हणणं, पाहुणा पिंजऱ्यात गेला की मशीनच्या कागदावर त्याची रेघ सरकते, माझी जागची हलत नाही. मी हसून सांगितलं की पहिल्याच आठवड्यात सरकली होती. त्या म्हणाल्या, तेव्हा तुम्ही नुसतं पाणी वापरत होतात, आता निम्मं दुसरं द्रावक घालता, मग पाहुणा आत कशाला जाईल?
घालतो. नुसत्या पाण्यात पाहुणा विरघळता विरघळत नाही, दोन-दोन दिवस ढवळत बसा. आता पाच मिनिटांत काम. यात चुकलं काय? मशीनच बिघडलं असणार. त्यांना तसं तोंडावर कसं म्हणणार? सरांना म्हणालो.

१४ फेब्रुवारी
सरांनी तीन दिवस मशीन बंद ठेवून तपासणी लावली. सगळ्यांचे नमुने अडकले आणि सगळे बाईंकडे तोंड वाकडं करून बघतात. शिवाय पुढच्या महिन्यात त्यांना यंत्रविभागाचं प्रमुख करायचं होतं, ते सरांनी तूर्त लांबवलं. मला हे माहीत नव्हतं. निदान नीटसं नव्हतं.
कँटीनमध्ये बाई एकट्याच बसल्या होत्या. मी मागच्या दाराने गेलो. घाईत होतो.

१७ फेब्रुवारी
मशीन ठणठणीत निघालं. तपासणारा म्हणे, इतकं निगुतीने ठेवलेलं मशीन त्याने पाहिलं नाही. याचा अर्थ बिघाड फार सूक्ष्म असावा.
बाईंची माफी मागावी का? सोमवारी बघू.

२४ फेब्रुवारी
सोमवारी घसा बसला होता. आज तो बरा आहे, पण आज त्या कामात होत्या.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळी
बायको नर्स आहे. तिला सगळं सांगितलं, तक्रारीचा भाग वगळून. तिने विचारलं, पिंजरा न घालता बघितलंस का? त्यांच्याकडे म्हणे गोळी न देताही माणसं बरी होतात, म्हणून आधी ते तपासतात. मी म्हणालो की हे शास्त्र वेगळं आहे. ती कांदा चिरत म्हणाली, असेल बाबा.
राग आला. प्रश्न फारच सोपा होता.

४ मार्च
सगळे जेवायला गेल्यावर एक बाटली लावली. पिंजरा नाही. बाकी सगळं तेच.

५ मार्च
एक्याण्णव.
बाटली उष्टी असणार.

६ मार्च
नवी बाटली: नव्वद. आणखी एक: ब्याण्णव. त्या द्रावणात पाहुणा आपणहूनच तसा वळतो. तीन वर्षं मी पिंजरे घडवले आणि पाहुणा अंगणातच सगळं उरकून घेत होता.
प्रमुखपदाची बैठक मंगळवारी अकराला. त्याआधी सरांना सांगणार. नक्की.

१० मार्च, मंगळवार
१०.४०. सरांच्या दारापर्यंत गेलो. आत माणसं होती. चहा घेऊन येऊ म्हटलं.
११.१५. दार बंद. आत बैठक चालू.
चहा ६.

११ मार्च
फलकावर चिठ्ठी लागली. पद बाहेरच्या माणसाला.
मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका वाक्याचं काम होतं. घसाही बरा होता.

१२ मार्च, दुपारी
सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, हे मंगळवारी अकराच्या आत सांगायला हवं होतं. लेखी दे म्हणाले. समितीकडे पाठवतो, पण आता फारतर पुढच्या वर्षी.

तिथून बाईंकडे. माफीची सात वाक्यं पाठ केली होती. दुसऱ्यालाच अडकलो. बाई म्हणाल्या, सात महिने तुमच्या प्रत्येक प्रिंटवर लिहीत होते. सगळ्यांदेखत बोलले तर तुम्हाला कमीपणा वाटेल, म्हणून समासात. वाटलं, वाचत असाल. मग विचारलं, आजचे नमुने आणलेत का, आणले असतील तर स्टँडमध्ये ठेवा.
आणले नव्हते. तरी स्टँडकडे बघत उभा राहिलो.

१२ मार्च, संध्याकाळी ६
आत्ता या रोजनिशीतली खुणेची पट्टी पहिल्यांदा उलटून पाहिली. महिनाभर रोज हातात होती, कोऱ्या बाजूने. पेन्सिलीचं बारीक अक्षर, तारीख १९ सप्टेंबर:
रेघ सरकलेली नाही. पाहुणा बाहेरच आहे. पाणी वाढवून बघा. वेळ लागेल, पण होईल. मशीन शनिवारी रिकामं असतं, मी थांबेन.