थांब म्हटलं की आडवं पडायचं

४ मार्च, दुपार

ताई,

नमस्कार करते, घ्यायचा तर घे. इकडे मी बरी आहे, पोटभर जेवते, झोप मात्र जेमतेम. तुझा गुडघा कसा आहे? आई फोनवर म्हणाली, तू दिवसभर डेपोच्या तिकीट खिडकीत बसतेस आणि घरी आलीस की तोंडातून शब्द काढत नाहीस. पाच वर्षांत मी तुला सात पत्रं टाकली, तू एकालाही उत्तर दिलं नाहीस. हे आठवं. मीही तुझीच बहीण, हट्टाला पेटले की पेटले. टाइप करते, यंत्र वाचून दाखवतं, आणि खाली ऑफिसातल्या बाई छापून देतात. त्यांना आपली लिपी वाचता येत नाही, ते एक बरंय.

आमची स्कीइंगची टीम अकरा जणांची. एका पायावर उतरणारे चौघे, हात नसलेली एक, बसून उतरणारे चौघे आणि आम्ही दोघी आंधळ्या. शर्टाच्या पाठीवर देशाचं नाव शिवलंय, त्याची अक्षरं मी बोटांनी चाचपून पाहिली. विमानतळावर आमची वरात निघाली की लोक भराभर बाजूला होतात. "सगळ्यांचे अवयव एकत्र मोजले तर एखाद्या धडधाकट टीमपेक्षा थोडेच कमी भरतील," असं मुकादम म्हणतो. मुकादम कोण ते सांगते, जरा दम धर.

माझा आताचा गाईड म्हणजे शाळेत कवायत शिकवणारे एक मास्तर. तुझ्यासारखेच माझ्या पुढे पंधरा-वीस हातांवर उतरतात आणि हेडसेटमधून माझ्या कानात बोलतात. डावी, उजवी, दाब, सोड. शब्द तेच गं, पण म्हणतात असे की जणू हजेरी घेताहेत. माणूस सोन्यासारखा आहे. मी चुकले तरी "शाब्बास, पुन्हा" एवढंच म्हणतात.

एक गोष्ट आहे. हसू नकोस. उतार कुठलाही असो, वळणांसाठी रोवलेल्या काठ्यांतली सहावी काठी आली की मला तुझा आवाज येतो. मास्तरांचा नाही, तुझा. अगदी कानाला लागून, घाईघाईचा. "थांब." मी अडखळते आणि वेग मरतो. काल कोचबाईंनी विचारलं, "सहाव्या काठीपाशी तुला होतं तरी काय?" मी म्हटलं, तिथे बर्फ चिकट आहे. मास्तर म्हणाले, "अहो, बर्फ तर आरशासारखा आहे, आणि मी काही बोललोच नाही तिथे." परवा सरावात हळू उतरताना मी हेडसेट मुद्दाम बंद करून पाहिला. तरी तू बोललीस.

आता बस. बसलीस? मुकादम म्हणजे तोच. पाच वर्षांपूर्वी त्या दिवशी सहाव्या काठीपाशी असलेला.

हो, तोच. काठी आडवी पडली होती, ती उभी करायला तो आत शिरला होता आणि माझ्या धडकेने त्याचा कणा गेला. त्याने दोन वर्षं पलंगावर काढली आणि तिसऱ्या वर्षी कुणीतरी त्याला स्कीवर बसवलेल्या खुर्चीत बांधून उतारावर सोडून दिलं. आता तो आमच्यातला सगळ्यात वेगवान. सगळ्यांवर हुकूम सोडतो म्हणून मुकादम. पहिल्या दिवशी माझ्यासमोर खुर्ची थांबवून म्हणाला, "भिंगरी ना तू? घाबरू नकोस, आता तू मला पाडूच शकत नाहीस. मी आधीच बसलेलो आहे!" सगळे हसले. मीही हसले. आणि बुटाची पट्टी पुन्हा बांधत बसले.

माझ्यावर त्याचा राग नाही. चौकशीत ठरलं तेच तो धरून चाललाय. हेडसेट बंद होता, निघण्याआधी तो तपासणं गाईडचं काम, गाईडने तपासला नाही, म्हणून आंधळीला काही कळलंच नाही. तुझ्याबद्दल मात्र तो वाईट बोलतो. मी त्याला सांगितलं की माणूस आहे, चुकतं. ताई, मीही मनात काही धरलेलं नाही गं. तेवढं तरी लिहून पाठव की तू मला माफ... नाही, म्हणजे तू मनाला लावून घेऊ नकोस.

शर्यत नऊ तारखेला. आईला सांभाळ.

भिंगरी

---

७ मार्च, सकाळ

ताई,

चार तारखेचं पत्र टपालात गेलं. त्यातली माफीची वाक्यं फाडून टाक.

काल संध्याकाळी बूट वाळवायच्या खोलीत बसले होते. तिथे भिंतीतून गरम वारा येतो, ओल्या चामड्याचा वास असतो आणि कुणी फारसं येत नाही. चाकांचा आवाज आला. मुकादम. नेहमीसारखं "काय म्हणतेस" नाही. म्हणाला, "तुला एक विचारू? खरं सांगशील?"

मी म्हटलं, "विचारा की."

"त्या दिवशी तुला काही ऐकू आलं होतं?"

ताई, तो म्हणाला, मला आलं होतं. एका बाईचा आवाज, थांब, थांब करणारा. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्याने हेच सांगितलं. चौकशीवाले म्हणाले, धक्क्याने माणूस काहीही रचतो, गाईड एवढी ओरडली असती तर हेडसेटशिवायही त्या मुलीला ऐकू गेलं नसतं का, ती थांबली नसती का? डॉक्टरांनी सांगितलं, हा मेंदूचा खेळ. गोळ्या दिल्या. आवाज गेला नाही. झोपेतून ओरडत उठतो म्हणून बायको मुलीला घेऊन दुसऱ्या खोलीत झोपते. "पाय गेले त्याचं मला फार नाही गं," म्हणाला, "पण डोकं गेलं तर माणसाकडे उरतं काय? तू तिथे होतीस. तू एकदा सांग."

मी काय म्हणाले असेन?

मी म्हणाले, "नाही हो. काहीच ऐकू आलं नाही."

तो हसला. "बरं झालं. म्हणजे डोक्यातलंच आहे. आता तरी नक्की कळलं." आणि चाकं वळली. जाताना माझे बूट फार जवळ ठेवलेत, चामडं तडकेल, असंही सांगून गेला.

आज सकाळी नाश्त्याला कोचबाई रडवेल्या. मुकादमने नाव मागे घेतलंय. म्हणाला, ज्याच्या डोक्यात नसलेले आवाज येतात त्याने शंभराच्या वेगाने उतरू नये, उद्या माझ्यामुळे कुणीतरी दुसरा खुर्चीत बसेल. दहा वाजता टीमचे डॉक्टर त्याला अपात्र ठरवणारा कागद करणार. उद्याची त्याची शर्यत गेली, आणि तो कागद झाला की पुढच्याही गेल्या.

मी चहा तसाच टाकून वर आले. आता साडेआठ झालेत. आधी तुला लिहिते, कारण तुला सगळं माहीत असूनही मी ते तुला कधी सांगितलेलं नाही.

आपला नियम तूच मला शिकवलास. डावी-उजवीत चूक चालेल, पण थांब म्हटलं की विचार करायचा नाही, कुशीवर आडवं पडायचं. अंगणात गादी टाकून तू माझ्याकडून शंभर वेळा पडून घेतलंस. आधीच्या निवडीत तू थांब म्हणालीस आणि मी पडले. नंतर कळलं, समोर नुसतं धुकं होतं. जागा गेली. महिनाभर मी तुला भित्री म्हणून टोचत होते, आठवतं? त्या दिवशी तू पुन्हा ओरडलीस आणि मी विचार केला. "झालं, ताई घाबरली परत." एवढाच विचार, ताई. तेवढ्यात तो माणूस आला.

मला ऐकू आलं होतं. स्वच्छ. तीनदा.

पुढचं सांगते. बर्फात पडल्या पडल्या मला त्याचं कण्हणं ऐकू येत होतं आणि तुझी पावलं धावत येत होती. ती पोचण्याआधी मी अंगठ्याने हेल्मेटवरचं हेडसेटचं बटण बंद केलं. मग म्हणाले, "ताई, तू काही बोललीच नाहीस." तू माझं हेल्मेट काढलंस, तेव्हा तुझं बोट त्या बटणावर थांबलं. मला ते जाणवलं. निघताना तू एक-दोन-तीन म्हणाली होतीस आणि मी चार-पाच-सहा म्हणून उत्तर दिलं होतं, म्हणजे हेडसेट चालू होता हे तुला पक्कं माहीत होतं. तरी चौकशीत त्यांनी विचारलं, "तपासला होता का?" आणि तू म्हणालीस, "लक्षात नाही."

का म्हणालीस गं? शेजारच्या खुर्चीत मी बसले होते. तू माझ्या कानाखाली एक ठेवून दिली असतीस तर आज मी माणसात असते. तुझा कायमचा परवाना गेला, बर्फावर पाय ठेवायचा नाही म्हणाले, आणि मला टीममध्ये घेतलं, वर कौतुक केलं, "एवढं होऊनही मुलगी उभी राहिली." मी सात पत्रांतून तुला मोठ्या मनाने माफ करत राहिले. लाज नावाची गोष्ट मी कोळून प्याले होते.

तोंड उघडलं तर हा शर्ट अंगावरून जाणार, मला माहीत आहे. बावीस वर्षं मी दुसरं काही शिकले नाही. आणि तरी खरं सांगू का, मला शर्टाची भीती नाही वाटत. तो काय म्हणेल याची वाटते.

नऊ वाजले. जिन्याने जाते, लिफ्टमध्ये परत वर यायचं बटण असतं.

भिंगरी

---

९ मार्च

ताई,

आज माझी शर्यत होती. आता दुपार आहे आणि मी खोलीत बॅग भरून बसले आहे.

त्या दिवशी मुकादमच्या दाराशी उभी राहिले आणि वाजवलं. "कोण?" म्हणाला. मी दारातूनच बोलले, आत गेले असते तर धीर सुटला असता. "मुकादम, तुमचं डोकं ठीक आहे. ती ओरडली होती. मी ऐकलं होतं. बटण मी नंतर बंद केलं."

 मग त्याने विचारलं, "किती वेळा?"

"काय?"

"किती वेळा ओरडली?"

"तीन वेळा."

"पहिला बारीक, आणि तिसरा फाटलेला?"

"हो," म्हटलं, "तिसऱ्याला तिचा घसा फाटला होता."

ताई, तो माणूस रडायला लागला. मोठ्याने, हुंदके देऊन, बाजारात आई सापडलेलं पोर रडतं तसा. मी तशीच उभी. पुढे व्हावं असं वाटलं, पण मी कोण पुढे होणार? रडून झाल्यावर म्हणाला, "तीन वर्षं त्या गोळ्या खाल्ल्या मी. माझी मुलगी मला बिचकते." मी म्हटलं, "मला शिव्या द्या." तो म्हणाला, "तुला काही द्यायचं नाही मला. तू आता माझ्याशी बोलायचं नाहीस. एवढंच कर, तुझ्या ताईचा पत्ता दे. पाच वर्षं मी त्या बाईला नाही नाही ते बोललोय."

मी पत्ता दिला. तुला न विचारता. तो लिहील किंवा फोन करेल. त्याच्याशी बोल, ताई. तो भला माणूस आहे.

मग कोचबाईंकडे गेले. सगळं सांगितलं, कागदावर सही केली, सहीच्या जागी त्यांनी माझं बोट धरून ठेवलं. त्या ओरडल्या नाहीत, नुसतं "अगं अगं अगं" करत राहिल्या. मला टीममधून काढलंय. चौकशी नव्याने होईल, तुला बोलावतील. ह्या वेळी "लक्षात नाही" म्हणू नकोस, तुला माझी शपथ. आईला मी फोनवर सांगितलं. तिने फोन ठेवून दिला.

मास्तरांनी माझं हेल्मेट स्वतः पुसून पेटीत ठेवलं.  त्यांचंही वर्ष माझ्यापायी वाया गेलं.

काल मुकादम उतरला. मी खाली दोरीपाशी लोकांत उभी होते. त्याच्या खुर्चीचा आवाज ओळखू येतो, बर्फ करवतीने कापावा तसा. कुठेही अडखळला नाही. सातवा आला. आज सकाळी जेवणघरात तो पलीकडच्या टेबलावर कुणालातरी सांगत होता, रात्रभर झोपलो, पाच वर्षांत पहिल्यांदा, कूससुद्धा बदलली नाही. मला ऐकू जावं म्हणून सांगत होता की कसं, कोण जाणे.

मला वाटलं होतं, सांगून टाकलं की माझाही आवाज थांबेल. लोक म्हणतात ना, मन मोकळं केलं की हलकं वाटतं. नाही गं. त्याचा थांबला. माझा चालूच आहे. आता काठीही लागत नाही. हे लिहितानाही आला दोनदा, जिना उतरताना आला, मघाशी बॅगेची चेन ओढताना आला. आता मी काहीच करत नाहीये, कुठे निघालेली नाही, कुणी समोर नाही. तरी तू म्हणतेस, थांब. मी थांबलेलीच आहे, ताई. ह्याहून जास्त कसं थांबतात ते मला येत नाही.

ह्या पत्राला उत्तर नाही दिलंस तरी चालेल. पण कधी दिलंसच, तर लिहू नकोस. फोन कर आणि दुसरं काहीही बोल. हवामान, भाजी, तुझ्या खिडकीवरची भांडणं, मला दिलेली शिवी. तुझ्या आवाजात मला पाच वर्षांत त्या एका शब्दाशिवाय काही ऐकायला मिळालेलं नाही.

तुझी,
ऐकून न ऐकलेली,
धाकटी