शेवरी गाईच्या पोटी वासरूच असल्याचा लेखी दाखला मिळणेबाबत

प्रति,
मा. पशुधन विकास अधिकारी,
पशुवैद्यकीय दवाखाना, मौजे बेलसांगवाडी,
ता. देवणी, जि. लातूर.

विषय : चुकीची रेतकांडी भरल्यानंतर गाभण राहिलेल्या गाईबद्दल खुलासा.
संदर्भ : आपण दवाखान्याच्या पायरीवर दिलेले तोंडी उत्तर.

महोदय,

१. अर्जदाराच्या शेवरी या देवणी गाईस आपल्या दवाखान्यात कृत्रिम रेतन झाले. त्या वेळी गावाजवळच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यप्रकल्पाची नायट्रोजनची टाकी बिघडल्याने तेथील नर जिताडा माशाचे गोठवलेले रेत आपल्याच टाकीत, वळूच्या कांड्यांशेजारी ठेवले होते. दुसऱ्या दिवशी प्रकल्पाचे कर्मचारी निवृत्ती आपली कांडी न्यायला आले तर ती गायब, आणि शेवरीसाठी काढलेली वळूची कांडी जागेवर. पुढे शेवरी गाभण राहिली. अर्जदाराच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मासा शिजलेला नाही.

२. निवृत्ती यांनी धीर दिला की, "मामा, ह्ये बीज निपचित पडून ऱ्हातंय. समुद्राचं खारं पानी लागलं तरच वळवळतंय, त्ये बी मिनिटभर. गाईच्या पोटात कुठला आलाय समुद्र?" अर्जदार निर्धास्त होऊन घरी गेला आणि दावणीपाशी पोचताच त्याने मिठाचे मडके उचलून गोठ्याबाहेर ठेवले. कारण शेवरीला आवडते म्हणून अर्जदार स्वतःच्या हाताने रोज पेंडीत खडे मीठ घालत आला आहे. तेव्हापासून अर्जदाराच्या डोळ्याला डोळा नाही.

३. गावातल्या व्यंकट यांचा वळू माळावर मोकळा हिंडतो, त्याचेच हे काम, असे आपण हसत सांगितलेत. तेच कागदावर मागितले तर दवाखान्याची चूक उघडी पडेल म्हणून नकार दिलात. साहेबांना एवढी खात्री असेल तर सही करताना हात का आखडतो, या विचाराने अर्जदाराची भीती वाढतच आहे. पत्नी शिवगंगा म्हणते, "वासरूच व्हतंय की, येड्यावानी करू नका." परंतु तिने गोठ्यात घंगाळ पाण्याने भरून ठेवले आहे. कशाला, असे विचारले तर "असू द्या की" म्हणते.

४. आजवर प्रत्येक वेताला अर्जदारानेच शेवरीला सोडवले. आता दिवस भरले आहेत. ती दाराकडे बघून हंबरते, आणि अर्जदार, लाज सोडून लिहितो, आत जायला भितो. दाखला देता येत नसेल तर देऊ नये. पण न भिणारा एखादा माणूस तेवढा पाठवावा. मालक का येत नाही, हे त्या मुक्या जिवाला कसे कळावे? ऐन वेळी ती एकटी पडू नये, एवढीच विनंती.

आपल्या माणसाची वाट पाहणारा,
(सही)
धोंडप्पा बसलिंगप्पा हलकुडे
दि. ११ ऑगस्ट २०२५

सोबत : रेतनाच्या पावतीची झेरॉक्स.