चाती सरळ आहे ना?

अण्णा,

शनिवार-रविवार सूतकताईच्या शिबिराला जाऊन आले. बनशंकरीच्या पुढे, घरं संपून नाचणीची शेतं लागतात तिथे, एका मळ्यात भरलं होतं. तुम्ही म्हणाल, साठी ओलांडलेल्या बाईला हे काय सुचलं? हौस नव्हती हो, भीती होती. दिवाळीपासून माझा उजवा हात मला परका वाटायला लागलाय. चहा ओतताना दोनदा बशीबाहेर गेला. सुईत दोरा ओवायला नातीला हाक मारावी लागते. घरात कुणाला बोलले नाही, पण मनात एकच घोळत होतं, की अण्णांचा हात असाच गेला, आता माझी पाळी. ज्या कामात तुमचा हात तुम्हाला सोडून गेला, तेच करून बघावं, म्हणजे काय ते एकदाचं कळेल. म्हणून माळ्यावरून तुमचा पेटीचरखा उतरवला आणि जयनगरहून बसने निघाले. पेटी मांडीवर बघून कंडक्टर कन्नडात म्हणाला, "एनक्का, हार्मोनियमा?" मी म्हटलं, "हो रे बाबा, सूर लागतो का बघायचंय." सगळे हसले.

आम्ही दहा-बारा जण होतो. शिकवणारे मास्तर बेळगावकडचे, पिकल्या मिशांचे, मराठी आणि कन्नड एकाच घासात खाणारे. माझ्या शेजारी पुण्याहून इकडे कंप्युटर कंपनीत आलेली एक मुलगी. तिचा धागा बुटाच्या नाडीएवढा जाड, पण निघत तरी होता, आणि तिला त्याचं कोण कौतुक! माझा वीतभर निघायचा आणि तुटायचा. पुन्हा पेळू टेकवायचा, म्हणजे पिंजल्या कापसाची ती बोटाएवढी वळी, पुन्हा चाक फिरवायचं, वीतभर आला की तुटला. "आजी, टेन्शन नका घेऊ, माझा बघा, दोरखंड झालाय," मुलगी म्हणाली. मी हसले आणि हात मांडीखाली दाबून बसले. शनिवार असा गेला. जेवताना घास तोंडाशी नेताना मी हाताकडेच बघत होते.

आपल्या जुन्या घरातल्या स्वयंपाकघराची पूर्वेची खिडकी दिसते आहे मला. आई चुलीपाशी, तुम्ही खिडकीखाली पेटी उघडून बसलेले. चरख्याला तुमच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, हा घरचा कायदा. एकदा भजी तळता तळता मी तेलकट बोटांनी सुताला शिवले, तर केवढ्याने ओरडलात! "हे सूत आहे, फोडणी नव्हे!" माझं लग्न ठरलं होतं. तुम्ही कातलेलं सूत खादीच्या दुकानात द्यायचं आणि त्याच्या बदल्यात माझी लग्नाची साडी आणायची, असं तुम्ही आल्यागेल्याला सांगत होतात. रोज कातत होतात. आणि मग धागा तुटायला लागला. तुम्ही चाकाची दोरी बदललीत, कापसाला नावं ठेवलीत, नवे पेळू आणलेत. शेवटी चाती काढलीत, सूत जिच्यावर गुंडाळलं जातं ती सुईसारखी लोखंडी काडी. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, म्हणून माझ्या हातात दिलीत. "बघ गं, चाती सरळ आहे ना?" मी कामाच्या घाईत, न बघताच म्हटलं, "सरळ आहे, अण्णा." आठवड्याभरात तुम्ही पेटी मिटलीत. "हातच थरथरतोय, त्याला चरखा काय करणार!" साडी दुकानातून विकत आली. ती नेसून पाया पडायला वाकले तेव्हा तुम्ही म्हणालात, "हाताने दगा दिला पोरी. राग धरू नकोस."

रविवारी सकाळी मास्तर माझ्यापुढे मांडी घालून बसले. "काय ओ अक्का, येवढं काय भ्यायलाय?"

"हात कापतो, मास्तर. घरातच आहे ते आमच्या. वडिलांचंही असंच झालं."

त्यांनी माझी बोटं सरळ करायला लावली, त्यांवर एक पेळू आडवा ठेवला आणि बघत राहिले. पेळू हलला नाही. "कुठं कापतोय? स्वल्प थांबा." त्यांनी चाती उपसली, भिंतीवरचा आरसा काढून जमिनीवर ठेवला आणि तिला काचेवरून घरंगळत सोडलं. ती टक टक उडत गेली. "सरळ असती तर गप गेली असती. हात बेस आहे तुमचा, अक्का. चाती वाकलीय. कधीपासून?"

"कोण जाणे," मी म्हटलं. "जुनी वस्तू."

त्यांनी ती लाकडी हातोडीने हलके ठोकून सरळ केली. नंतरचा धागा थेट खांद्यापर्यंत आला. मुलीने टाळ्या वाजवल्या. मला हायसं वाटायला हवं होतं ना? चहाचं आणि सुईचं म्हणाल तर ते डोळ्यांचं आहे, सून कधीची म्हणतेय तपासून घ्या. पण धागा हातात धरून मला तुमची दाढी आठवली. दिसत नाही म्हणून तुम्ही आरसा सोडलात आणि शेवटपर्यंत नुसत्या हाताच्या अंदाजाने वस्तरा फिरवलात. कधी एक ओरखडा नाही. थरथरत्या हाताला हे जमतं का? रोज सकाळी आम्ही बघत होतो.

चाती मी वाकवली. लग्न ठरल्याच्या गडबडीत पाहुणे आलेले, नारळातलं पाणी काढायचं होतं, आणि हाताला दुसरं काही लागेना. खुपसली नारळाच्या डोळ्यात. वाकली, तशी सरळ करायला पाट्याखाली दाबली, पुसली आणि जागेवर लावून टाकली. तुमच्या ओरडण्याला भ्यायले होते. पुढे तुम्ही हाताला दोष दिलात आणि मीही तेच खरं धरून बसले.

माझी शाळा कन्नडातली. मराठी लिहायला मी तुमच्या पत्रांवरची अक्षरं गिरवून शिकले, आणि तुम्हाला पहिलं एवढं लांब पत्र लिहितेय ते हे. पाठवायचं कुठे? पेटीत पेळूंच्या खणात ठेवावं म्हटलं, पण तो खण आता मला लागतो. बसल्या बसल्या पुन्हा वाचून काढलं. वर एक खोटं राहिलंय. 'न बघताच' असं लिहिलंय.

बघितलं होतं, अण्णा. खिडकीच्या उजेडात धरून, एक डोळा मिटून, नीट बघितलं होतं.