खालच्या मजल्यावरचा कान

३ फेब्रुवारी
कानातली शिट्टी, दिवस एकेचाळिसावा. उजवा कान. कुकर होत आला की सुरू होते तशी, बारीक. संकल्प: आजपासून तक्रार बंद. निमूट सोसायचं. अपेक्षाच्या आपोआप लक्षात येईल. बायको आहे.

५ फेब्रुवारी
नाही आलं. संध्याकाळी घरून मीटिंग, हेडफोन फुल व्हॉल्यूमवर. शिट्टी दाबायला उत्तम, उपाय मीच शोधलेला. ती आत स्वयंपाकघरात. कानाची चौकशी शून्य.

८ फेब्रुवारी
घरमालक कुशाबाकाकांच्याही कानात आवाज! ते खाली, आम्ही वर. नेरे गावात एवढी घरं, पण नाही, याच घरात. मी तुळजाकाकूंना शिट्टीचं सांगितलं आणि आठवड्यात त्यांच्या नवऱ्याला सुरू. कॉपी केली असं मी म्हणत नाही. काका म्हणतात शिट्टी न्हाई, धाडधाड हुतंय, शेतावरची मोटार चालल्यागत.

११ फेब्रुवारी
दोघं एकाच डॉक्टरकडे. गाडी माझी. डॉक्टर म्हणाले, हा टिनिटस. कुणाला शिट्टी, कुणाला रातकिडे, कुणाला नुसतं घोंघावणं. बहुतेकांचा आवाज ज्याचा त्यालाच ऐकू येतो. काकांचा मात्र दुर्मिळ. नाडीबरोबर ठोके, आणि स्टेथोस्कोप लावला तर दुसऱ्यालाही ऐकू येतात. लावला. आले. शेजारच्या केबिनमधले डॉक्टरही येऊन ऐकून गेले.
माझा 'कॉमन'. वर श्रवणचाचणी लिहून दिली. कशाला? मला तर जास्तच ऐकू येतंय.

१४ फेब्रुवारी
काकांची सून गौतमी नर्स. तिने स्टेथोस्कोप आणला. ओट्यावर ही रांग! शेजारचा कोंडिबा, अख्खी भावकी, दूधवाला. काकूंचा चहा फिरतोय. अपेक्षा दोनदा रांगेत. वर येऊन म्हणाली, बिचारे काका. आज व्हॅलेंटाइन डे आहे, आणि बिचारे काका.
मला मत्सर अजिबात वाटत नाही. नोंद करून ठेवतो.

१६ फेब्रुवारी
मलाही ठोके येत असणार. जिना चारदा चढलो-उतरलो. आले! (छातीत.) गौतमीचा स्टेथोस्कोप मागून आणला, अपेक्षाला ऐकायला लावलं. तिने डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. काहीच नाही म्हणाली. सराव नाही तिला.

४ मार्च
काकांच्या अंगात रक्त कमी होतं. गोळ्यांनी धाडधाड उतरत चाललीय. म्हणजे दुर्मिळही तेच आणि बरेही तेच. एका घरात किती द्यावं देवाने?

६ मार्च
चाचणी झाली. बरोबर अपेक्षा, शिवाय तपासणीला काका. उजव्या कानाला बारीक आवाज कमी ऐकू येतात. हेडफोनचा आवाज कमी करा, शिट्टी कदाचित राहील, पण सवय होईल, असं डॉक्टर म्हणाले. संधी साधून मी सांगून टाकलं की आमच्या घरात माझ्या कानाची कुणी चौकशीसुद्धा करत नाही.
अपेक्षा माझ्याकडे वळली. म्हणाली, रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातून विचारते, अमोघ, कान कसा आहे आज? उत्तर येत नाही. वाटलं, चिडलाय माझ्यावर.
मी म्हटलं, पुरावा?
काका खुर्चीतूनच म्हणाले, व्हय, रोज इचारत्यात. खाली आमाला ऐकू येतं की.