स्टीलच्या डब्यातील लाल पुडीबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
परदेशी टपाल वस्तू तपासणी कक्ष,
अंधेरी (पूर्व), मुंबई.

विषय : स्वित्झर्लंडमध्ये रेल्वेत राहिलेला व तेथून परत आलेला स्टीलचा डबा आतील मसाल्यासह मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे दि. ३ फेब्रुवारी २०२५ चे पत्र.

महोदय,

मी खाली सही करणार जयवंत विष्णू धुरी, राहणार कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व), आपण विचारलेल्या बाबींचा खुलासा सादर करतो.

१. गेल्या मे महिन्यात मी व माझी पत्नी सुलक्षणा सहलीसाठी स्वित्झर्लंडला गेलो होतो. तिथले जेवण घशाखाली उतरणार नाही म्हणून तिने डबाभर मालवणी मसाला सोबत घेतला होता. एका स्टेशनावर उतरल्यावर ती म्हणाली, "अवो, डबो गाडयेतच रवलो." तोवर गाडी सुटली होती. मी म्हटले, जाऊ दे, घरी बरणी भरलेली आहे. तरीही तिने मुलगी रुचिरा हिच्याकडून तेथील रेल्वेकडे स्वतःच्या नावे तक्रार नोंदवून घेतली.

२. गणपतीच्या आदल्या आठवड्यात पत्नीचे हृदयविकाराने निधन झाले. पार्सल जानेवारीत आले. ते तिच्या नावे असल्याने तिने स्वतः यावे, असे आपल्या खिडकीवर सांगण्यात आले. मी मृत्यूचा दाखला दाखवला. त्यावर, तसे असल्यास तिचे संमतीपत्र आणावे, असे सांगण्यात आले. मी बरे म्हणून निघालो. घरी येऊन कुलूप उघडताना त्यातील अडचण माझ्या लक्षात आली.

३. डब्यावर "गुणाजी परब, कणकवली, यांजकडून" असे कोरलेले असल्यामुळे आपण सदर गुणाजी परब यांचे ना-हरकत पत्र मागितले आहे. ते पत्नीचे मामा. डबा त्यांनी आमच्या लग्नात दिला. आपल्याकडे भांड्यावर देणाऱ्याचे नाव घालतात, ज्याचे भांडे त्याचे नव्हे. आपल्या घरातील एखादे जुने पातेले पाहिल्यास खात्री पटेल. मामा फार पूर्वीच वारले. या प्रकरणातील तीन नावांपैकी हयात मी एकटा आहे व नेमके माझेच नाव कशावरही नाही, हे मला मान्य आहे.

४. आतील "लाल पुडी"चे घटक व प्रमाण लिहून देण्यास आपण कळवले आहे. मिरची, धणे, बडीशेप, दगडफूल एवढे मला सांगता येईल. प्रमाण तिलाच ठाऊक होते. दरवर्षी डंकावर मसाला कुटायला आम्ही दोघे जात असू. मी पिशवी धरून बाहेर उभा राहत असे. विचारायचे कधी सुचले नाही.

५. घरची बरणी दिवाळीनंतर संपली. रुचिराने आपल्या हाताने मसाला करून पाठवला. चांगला आहे. पण तो नव्हे. मी रोज वेळेवर जेवतो, तब्येतीची तक्रार नाही. फक्त काय खाल्ले ते ताटावरून उठल्यावर आठवत नाही. आपल्या ताब्यातील मसाला तिने कुटून आणलेल्यापैकी शेवटचा आहे. आणखी कुठेही नाही. मी डबे, डब्या, फडताळ, सगळे पाहिले.

६. पत्राच्या शेवटी आपण कळवले आहे की, खास बाब म्हणून आतील पदार्थ नष्ट करून व डबा गरम पाण्याने स्वच्छ धुऊन मला देता येईल. आपण सहानुभूतीने विचार केलात, त्याबद्दल आभारी आहे. परंतु साहेब, मला डबा नको आहे. डबा कार्यालयात ठेवून घ्यावा, चहापूड ठेवायला उपयोगी पडेल. आतील मसाला कागदात बांधून दिला तरी चालेल.

तेही नियमात बसत नसल्यास माझी एवढीच विनंती आहे : तो नष्ट करण्याच्या दिवशी मला बोलवावे आणि धुण्यापूर्वी झाकण उघडून एकदा वास घेऊ द्यावा. मी हात लावणार नाही. त्यानंतर धुवावा.

उत्तराची वाट पाहणारा,

(सही)
जयवंत विष्णू धुरी
विक्रोळी, दि. ११ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१. सुलक्षणा जयवंत धुरी यांचा मृत्यूचा दाखला
२. विवाह नोंदणीची प्रत
३. गुणाजी परब यांचा मृत्यूचा दाखला (कणकवलीहून मागवला आहे, आल्यावर सादर करीन)