पाळकांसमोर सांगितलेलं औषध

प्रिय मेई,

गुवाहाटीत मी बरी आहे, वेळेवर जेवते.

तुझं जखमेवरचं पान आम्ही प्रयोगशाळेत तीनदा पाण्यात वाटून पाहिलं. काचेच्या बशीतले जंतू मजेत वाढत राहिले. साहेब म्हणाले, "तुझ्या आईनं भाजी तर नाही ना दिली?" मला रडूच आलं.

मग आठवलं. तू वाटतेस तांदळाच्या दारूत. पण कृती सांगितलीस तेव्हा दारूला पाप म्हणणारे चर्चचे पाळक चहाला बसले होते, म्हणून पाणी म्हणालीस! नुसत्या दारूला जंतू दाद देईनात, पान त्यात वाटून घातलं आणि मेले गं!

ताई लिहिते, तुझ्या पायाची जखम चिघळतेय. पाळक रोज विचारपूस करायला येतात, म्हणून स्वतःलाही पाण्यातच वाटून लावतेस ना?

बाटली तांदळाच्या पिंपामागे आहे. त्यांना वास आलाच, तर माझं नाव सांग.

तुझी धाकटी,
दारिहुन